वाढत चाललेल्या एलपी ठेवायला स्वस्त आणि मजबूत सोय कोणती?

तबकडी_ठाणे

नमस्कार मंडळी,

आत्याकडून आलेल्या रेकॉर्ड्स आणि गेल्या काही वर्षांत चोर बाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून मी स्वतः जमवलेल्या, अशा मिळून आता साडेतीनशेच्या आसपास एलपी (बारा इंची मोठ्या रेकॉर्ड्स) झाल्या आहेत. शिवाय शंभरेक सात इंची ईपी (बहुतेक मराठी भावगीतं आणि नाट्यपदं) आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स, म्हणजे ७८ च्या, चाळीस-पन्नास. घर ठाण्यात, वन बीएचके, तिसरा मजला. सध्या काही टीव्हीखालच्या खणात आहेत, काही पुस्तकांच्या कपाटात आणि उरलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. हवी ती रेकॉर्ड मिळत नाही, म्हणून ऐकणंच कमी झालंय, याचं जास्त वाईट वाटतं.

ऑनलाइन जे 'रेकॉर्ड स्टँड' दिसतात त्यात पन्नास-साठ एलपी मावतात, म्हणजे मला सहा-सात घ्यावे लागतील. तेवढ्या पैशांत चांगलं कपाट होईल. बजेट सहा हजारांपर्यंत. दोन-तीन वर्षांत संग्रह पाचशेच्या पुढे जाईल, हे धरूनच सोय करायची आहे. अनुभवी लोकांनी सांगावं.

जुनाबाजार_पुणे

लोखंडी अँगलची रॅक. दुकानांत, गोदामांत असते ती, भोकं पाडलेल्या पट्ट्यांची. माझ्याकडे दोन आहेत. उंची सहा फूट, तीन फूट रुंद, पाच खण. पुण्यात एक मला अडीच हजारांच्या आत मिळाली. वाळवी लागत नाही, खणाची उंची नटबोल्ट काढून बदलता येते, घर बदललं की सोडवून गाठोडं बांधून न्यायची.

घेताना दोन गोष्टी बघा. खणाची खोली १२ इंच नको, १५ इंच घ्या. एलपीचं कव्हर साडेबारा इंचाच्या आत-बाहेर असतं, १२ इंचाच्या खणातून ते पुढे डोकावतं आणि कोपरे झिजतात. दुसरं म्हणजे पत्र्याचा गेज. दुकानदार गोडीगुलाबीनं २२ गेजचा हलका पत्रा देतात. पुस्तकांना, फायलींना चालतो. एलपीला २० किंवा १८ गेज मागा (आकडा जितका कमी तितका पत्रा जाड), आणि खणाखाली मधोमध आडवी पट्टी मारून घ्या.

मंद्रसप्तक

रॅक कुठली ते नंतर ठरवू, आधी वजनाचा अंदाज घ्या. जुनी एलपी साधारण १२० ते १४० ग्रॅमची असते, हल्लीच्या जाड छापाच्या १८० ग्रॅमच्या. कव्हर, आतली पिशवी धरली तर सरासरी पाव किलो धरायला हरकत नाही. म्हणजे शंभर एलपी पंचवीस किलो, आणि तुमच्या साडेतीनशे जवळजवळ नव्वद किलो. जुनाबाजार यांच्या तीन फुटी खणात सव्वादोनशे मावतील आणि त्या एका खणावर पंचावन्न किलोच्या पुढे भार येईल. पुस्तकांसाठी बनवलेलं बहुतेक फर्निचर इथेच मधून झुकतं.

एलपी नेहमी उभी. आडव्या गठ्ठ्यात खालच्या कव्हरांवर गोल वण उठतात, आणि मधे एखादा धुळीचा कण असला तर तो वरच्या सगळ्यांच्या भारानं खाली रुततो. पण उभी म्हणजे सरळ उभी. अर्धा खण रिकामा आणि एलपी भिंतीला टेकलेल्या माणसासारख्या कलंडलेल्या, असं सहा महिने राहिलं की रेकॉर्ड वाकते. मग सुई वर-खाली नाचते आणि ते दुरुस्त करणं फार कठीण. म्हणून दर फूट-सव्वा फुटाला उभी फळी हवीच. लोखंडी रॅकमध्ये ती नसते, तेवढी बसवून घ्या. प्लायचे बारा बाय बारा इंचाचे तुकडे आणि खाली-वर एल पट्टी, पुरे.

किती घट्ट लावायच्या याची माझी खूण: दोन बोटांत धरून एलपी न ओढाताण करता बाहेर आली पाहिजे आणि ती काढल्यावर शेजारच्या कलंडल्या नाही पाहिजेत.

अंतरा

नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया आहे ना? तिथलं काल्लॅक्स नावाचं चौकोनी खणांचं युनिट जगभर रेकॉर्डवाले वापरतात असं वाचलंय. ठाण्याहून जवळ पडेल.

मंद्रसप्तक

अंतराताई, बरोबर. त्याचा खण आतून ३३ सेंटिमीटर चौरस आहे, एलपी अगदी नेमकी बसते. दिसायलाही नीटस. पण कंपनीच देते ती क्षमता खणाला १३ किलो. आपल्या हिशेबानं ते पन्नास-बावन्न एलपी. खण गच्च भरला तर ऐंशी मावतात, म्हणजे वीस किलो. पुष्कळ लोक भरतातही, पण मी दिलेल्या क्षमतेत राहा असंच सांगेन. उभं करताना लांब फळ्या आडव्या न ठेवता उभ्या येतील हे पाहावं आणि भिंतीला पट्टीनं जखडावं. लहान मूल घरात असेल तर जखडणं अजिबात टाळू नका.

ओल्या भिंतीजवळ मात्र हे किंवा कुठलंही भुश्याचं बोर्ड नको. पाणी प्यायलं की फुगतं आणि स्क्रूची पकड जाते.

सुतारपक्षी

माझा व्यवसाय फर्निचरचा आहे, त्यामुळे प्लायची मांडणी कशी करायची ते थोडं सविस्तर लिहितो.

आठ बाय चार फुटांचा १८ मिमी प्लायचा एकच ताव आणा. दुकानातच यंत्रावर लांबीच्या दिशेनं तीन सारख्या पट्ट्या कापून घ्या. करवतीची जाडी वजा जाऊन प्रत्येक पट्टी पावणेसोळा इंच रुंद आणि आठ फूट लांब मिळते. आता कापण्याचा क्रम:

पहिल्या पट्टीतून साडेत्रेचाळीस इंचाचे दोन तुकडे. या दोन बाजू.
दुसऱ्या पट्टीतून पावणेअठ्ठावीस इंचाचे तीन तुकडे. या आडव्या फळ्या.
तिसऱ्या पट्टीतून पावणेअठ्ठावीस इंचाची चौथी आडवी फळी आणि साडेतेरा इंचाचे तीन तुकडे, मधल्या उभ्या फळ्यांसाठी.

यातून दोन रुंद, तीन उंच असे सहा खण होतात, प्रत्येक आतून साडेतेरा इंच चौरस. खणाला पंचाहत्तर एलपी सैल बसतात. सहा खणांत साडेचारशे. सगळा भार साडेतेरा इंचांच्या छोट्या गाळ्यावर येत असल्यामुळे १८ मिमी प्लाय झुकत नाही.

तिसऱ्या पट्टीतून सव्वादोन फुटांचा तुकडा उरतो. तो टाकून देऊ नका. त्यातून चार इंच रुंदीच्या सहा पट्ट्या काढा, साडेतेरा इंच लांबीच्या, आणि प्रत्येक खणात मागच्या बाजूला, वरच्या फळीला चिकटवून, कडेपासून दोन इंच आत बसवा. या पट्ट्यांची तीन कामं होतात. मांडणी डावी-उजवीकडे हलत नाही. वरच्या फळीला आधार मिळतो. आणि एलपी आत ढकलली तरी पट्टीला अडते, मागे हवेला दोन इंच वाट राहते. पाठीला पूर्ण प्लाय मारला की मागे ओल कोंडते, म्हणून आपल्या हवेत मी तो मारत नाही.

सांध्याला फेविकॉल आणि दोन इंची स्क्रू, आधी बारीक भोक पाडून. प्लायच्या कडेत भोक न पाडता स्क्रू मारला की थर उलतात. खाली चार इंचांचा पाया द्या, म्हणजे लादी पुसताना पाणी लागणार नाही.

प्लाय कुठला? ठाण्यात कोरड्या खोलीत एमआर ग्रेड (थोडा ओलावा सोसणारा साधा प्लाय) चालेल. भिंतीला ओल येत असेल किंवा घर कोकणात असेल तर आयएस ७१० छापलेला (मरीन प्लाय) घ्या, महाग पडतो पण टिकतो. आमच्याकडे बरा एमआर ताव तीन हजारांच्या आसपास पडतो. कापणी, स्क्रू, पट्टी मिळून तुमचं बजेट पुरतं, जोडणी घरी केलीत तर.

पॉलिश किंवा रंग दिल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत रेकॉर्ड्स आत ठेवू नका. आठ-दहा दिवस मोकळं राहू द्या.

जुनाबाजार_पुणे

सुतारपक्षी, हे वाचून माझी तिसरी रॅक लोखंडी घ्यायची नाही असं ठरवलंय. कापणीचा क्रम जपून ठेवला.

देवगडकर

सगळं वजनाचंच चाललंय, म्हणून आमच्याकडची बाजू सांगतो. कोकणात रेकॉर्ड वजनानं कमी आणि पावसानं जास्त जाते. जून ते सप्टेंबर कव्हरांवर पांढरी बुरशी येते, मग ती आतल्या कागदी पिशवीतून रेकॉर्डच्या खाचांत उतरते. ऐकताना बारीक चरचर सुरू झाली की समजायचं. रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन निघते, पण बुरशी लागलेली कागदी पिशवी परत वापरू नये, ती टाकायची. कव्हर सकाळच्या कोवळ्या उन्हात, रेकॉर्ड काढून घेऊन. रेकॉर्ड उन्हात कधीच नाही.

आमच्या घरातले नियम: मांडणी बाहेरच्या भिंतीला लावायची नाही, घराच्या आतल्या भिंतीला लावायची. भिंतीपासून चार बोटं सोडून. गोदरेजसारखं लोखंडी कपाट वापरायचं तर वाळवी, झुरळं यांची काळजी मिटते, पण आत हवा खेळत नाही, म्हणून कोरड्या दिवशी दार उघडं टाकायचं. सिलिका जेल बंद कपाटातच उपयोगी पडतं. उघड्या मांडणीवर पुड्या ठेवणं म्हणजे सगळ्या खोलीची हवा कोरडी करायला निघणं. निळे खडे गुलाबी झाले की तापवून परत वापरता येतात, फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर काहीशे रुपयांत मिळतं. काटा पन्नासच्या आसपास असेल तर निवांत. सत्तरीच्या वर राहू लागला की पंखा लावा, कव्हरं चाळून बघा.

अंतरा

आमच्याकडे पुस्तकांत वेखंडाचे तुकडे ठेवायची पद्धत आहे. इथे चालेल का? आणि डांबराच्या गोळ्या?

देवगडकर

वेखंड पातळ फडक्यात बांधून खणाच्या कोपऱ्यात ठेवा, कव्हरला किंवा रेकॉर्डला टेकू देऊ नका. डांबराच्या गोळ्या मात्र नकोच. तो वास कव्हरच्या पुठ्ठ्यात एकदा शिरला की जात नाही, आणि असली वाफ प्लॅस्टिकच्या जवळ मी ठेवणार नाही.

एडिसन_एनजे

न्यू जर्सीहून. इथे दुधाच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये एलपी ठेवायची जुनी पद्धत आहे, कारण इथल्या चौकोनी क्रेटमध्ये बारा इंची रेकॉर्ड फिट बसते. डेअरीचं नाव छापलेले क्रेट उचलून आणणं गुन्हा आहे, पण तसेच नवे दुकानात मिळतात. पाहुण्यांसमोर शोभत नाहीत, पण घर बदलताना यांच्यासारखं सोयीचं काही नाही. भरलेला क्रेट एका माणसानं उचलायच्या आतबाहेर असतो. जाळीच्या तळाचे व्रण खालच्या कडेवर उमटतात, म्हणून पुठ्ठा घालायचा. तळघरात ठेवणाऱ्यांनी जमिनीपासून वर ठेवाव्यात, इथे तळघरात पाणी येणं नेहमीचं आहे.

जुनाबाजार_पुणे

आपल्याकडच्या दुधाच्या पिशव्यांच्या क्रेटचं माप वेगळं असतं, डोळे मिटून घेऊ नका. भाजी-फळांचे मोठे क्रेट ६० बाय ४० सेंटिमीटरचे मिळतात. आतली रुंदी किमान ३२ सेंटिमीटर भरते का ते टेप लावून पाहा. मार्केट यार्डाच्या बाजूला जुने स्वस्तात मिळतात, पण त्यात कांदा-बटाट्याची माती असते, घासून धुऊन दोन दिवस वाळवल्याशिवाय रेकॉर्ड घालू नयेत. एकावर एक दोन, त्याहून जास्त नको. तात्पुरती सोय म्हणून उत्तम.

तबकडी_ठाणे

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी! सुतारपक्षींची मांडणी करायची असं जवळजवळ ठरलं. दोन शंका. एक, तिसऱ्या मजल्यावर एवढं वजन एका जागी चालेल का? बायकोचा पहिला प्रश्न हाच होता. दुसरी, फारशा ऐकत नाही अशा शंभरेक एलपी माळ्यावर ठेवल्या तर?

आरसीसी

वजनाचं सांगतो, हे माझं रोजचं काम आहे. आपल्या मानकानुसार, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, घरातल्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरून स्लॅब आखतात. दहा बाय दहाची खोली म्हणजे नऊ-सव्वानऊ चौरस मीटर, एकूण अठराशे किलो. तुमची मांडणी पूर्ण भरली तर एलपी ११०-११५ किलो आणि प्लाय पस्तीस, असं दीडशेच्या आत. पाण्यानं भरलेलं दोनशे लिटरचं पिंप लोक बिनदिक्कत ठेवतात, त्याहून कमी. जागा जेमतेम पाव चौरस मीटरच्या वर लागते म्हणून तेवढ्या जागी भार जास्त दिसतो, पण स्लॅब तो आजूबाजूला वाटून घेतो. भिंतीला लागून, शक्यतो तुळईजवळ ठेवा. गॅलरीत किंवा बाहेर काढलेल्या छज्जावर नको. आरसीसी इमारत धड असेल तर चिंता करू नका.

जुना वाडा किंवा चाळ, लाकडी तक्तपोशी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मांडणी अशी ठेवावी की तिचा भार एकाच वाशावर न येता दोन-तीन वाशांवर पडेल, आणि तेही भिंतीकडच्या टोकाला. लाकूड बघितल्याशिवाय इंटरनेटवरून कुणी हो म्हणू नये, मीही म्हणणार नाही.

मंद्रसप्तक

माळ्यावर अजिबात नको. विनाइल (एलपीचं प्लॅस्टिक) तापलं की मऊ पडतं, आणि उभी रेकॉर्ड असली तरी स्वतःच्या वजनानं वाकते. वर गच्ची असेल तर एप्रिल-मेमध्ये माळ्यावर हात ठेवून बघा, मग पटेल. खिडकीजवळ, जिथे दुपारी तासभरही ऊन येतं, तिथेही नको. न ऐकल्या जाणाऱ्या शंभर काढून टाकणार असाल तर तो वेगळा विचार. ठेवायच्याच असतील तर मांडणीच्या सगळ्यात खालच्या खणात.

अंतरा

पिशव्यांबद्दल कुणी बोललं नाही. बाहेरून घालायच्या जाड, काचेसारख्या चकचकीत पीव्हीसीच्या पिशव्या स्वस्त म्हणून घेऊ नका. वर्षानुवर्षं राहिल्या की रेकॉर्डवर धुकट थर चढतो, पुसून जात नाही. पॉलिप्रॉपिलीन किंवा साध्या पॉलिथिनच्या घ्या, शेकड्यानं घेतल्या की परवडतात. आणि पिशवीचं तोंड व कव्हरचं तोंड एकाच बाजूला नको, म्हणजे धूळ सरळ आत जात नाही. काही जण रेकॉर्ड आतल्या पिशवीसकट कव्हरच्या मागे, बाहेरच्या पिशवीत ठेवतात, त्यानं कव्हरचे सांधे फाटत नाहीत. जुन्या एचएमव्ही कव्हरांचे सांधे बहुधा आधीच दमलेले असतात, त्यांना हे फार उपयोगी आहे.

सुतारपक्षी

७८ च्या रेकॉर्ड्स वेगळ्या ठेवा. त्या लाखेच्या, त्यात खनिजाची पूड मिसळलेली, म्हणून वजनाला जड आणि पडल्या की तुकडे. आमच्या फ्रेंच पॉलिशमध्ये तीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, यावरून समजून घ्या की ७८ ला स्पिरिट, अल्कोहोल किंवा ते घातलेलं कुठलंही रेकॉर्ड क्लीनर लावायचं नाही. माझ्याकडे आलेल्या एका गिऱ्हाईकानं पुसायला घेतलेली रेकॉर्ड मी पाहिली आहे, खाचांच्या जागी चकाकणारा सपाट डाग होता. गाणं गेलं.

त्यांना खालचा डावा खण द्या. दहा इंचांच्या असल्यामुळे वर जागा उरते, तिथे काही रचू नका. प्रत्येकीला खाकी कागदाची नवी पिशवी, आणि दर आठ-दहा रेकॉर्डनंतर पुठ्ठ्याचा ताठ तुकडा. बारा इंची एलपी आणि दहा इंची ७८ मिसळून लावल्या की मोठ्या रेकॉर्डला छोटीची कड रुतते.

ईपीसाठी पूर्ण खण वाया घालवू नका. सात इंच म्हणजे जवळजवळ १८ सेंटिमीटर. पुरुषांच्या बुटाच्या खोक्याची रुंदी बहुधा तेवढी भरते. दोन खोकी झाकणं काढून, पुढून नावं दिसतील अशी मांडणीच्या वर ठेवा. शंभर ईपी त्यात आरामात राहतात.

एडिसन_एनजे

मांडणीवर टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) ठेवलं तर चालतं. स्पीकर त्याच मांडणीवर नकोत, आवाजाची थरथर फळीतून सुईपर्यंत जाते आणि खर्जात घुमारा येतो. स्पीकर वेगळ्या स्टुलावर.

तबकडी_ठाणे

रविवारी भिवंडी रोडच्या प्लाय दुकानात जातोय. गाडी छोटी आहे म्हणून तिथेच सगळे तुकडे कापून आणणार. लाकडी रंगाचं लॅमिनेट लावायचा आग्रह घरातून आहे. मापात काही बदल?

सुतारपक्षी

लॅमिनेट एक मिमीचं असतं. खणाच्या दोन्ही बाजूंना लावलंत तर आतली रुंदी दोन मिमीनं कमी होते, उंचीही तशीच. साडेतेरा इंचांत ते सहज खपतं, बॉक्स सेटही जाईल. तुकड्यांना जोडणीच्या आधी लॅमिनेट लावा, नंतर आतल्या कोपऱ्यात हात पोचत नाही. फक्त जिथे एक फळी दुसरीला भिडते तेवढी जागा कोरी सोडा, तिथे फेविकॉलला लाकूडच लागतं. आणि पुढच्या कडांना पट्टी लावाच. रोज एलपी आत-बाहेर होताना कव्हर घासतं ते त्याच कडेला.

दुकानदार घाईत चार इंचांच्या सहा पट्ट्या कापायला कंटाळतो. त्या आधी सांगून ठेवा, मापं कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.